त्यांच्या पश्चात असा परिवार आहे

कुंभार पिंपळगावसारख्या गावातून जिल्हा आवृत्तीला जाणाऱ्या बातम्यांत ऊस, पाऊस, खराब रस्ता आणि अपघात यांच्या जोडीला एक बातमी कायम असते: अमुक यांना पितृशोक. कधी मातृशोक, कधी बंधुशोक. मथळ्यात ज्याचं नाव असतं तो माणूस जिवंत असतो. तो सरपंच असेल, सोसायटीचा चेअरमन असेल, शिक्षक असेल, नाहीतर कुणाचा तरी कार्यकर्ता असेल. गेलेली व्यक्ती येते दुसऱ्या ओळीत. तिथं तिचं वय येतं, ‘अल्पशा आजाराने’ येतं, अंत्यविधी कुठं झाला ते येतं. शेवटी मराठी वर्तमानपत्रांत वर्षानुवर्षं न बदललेलं ते वाक्य येतं: त्यांच्या पश्चात दोन मुले, एक मुलगी, सुना, नातवंडे असा परिवार आहे.

मरणाची जाहीर खबर हा गेलेल्या माणसाविषयीचा मजकूर असतो, असं आपण धरून चालतो. मला तो मागं राहिलेल्यांचा हिशेब वाटतो. घर केवढं, पोरं कुठवर पोचली, सोयरीक कुणाकुणाशी, यापुढं या घरात कर्ता कोण, हे सगळं गावाला एकदम कळवायची अशी संधी लग्नानंतर मरणातच मिळते. लग्नपत्रिकेवर आपल्याकडं लोकांनी थोडंफार लिहिलं आहे. दशक्रियेच्या पत्रिकेकडं, चौकातल्या श्रद्धांजलीच्या फ्लेक्सकडं आणि चार ओळींच्या निधन वार्तेकडं वाङ्मय म्हणून कुणी फारसं पाहत नाही. घरात जपून ठेवायचा तो कागदच नव्हे, हेही त्याचं एक कारण.

कुंभार पिंपळगाव जालना जिल्ह्यातल्या घनसावंगी तालुक्यात आहे. समर्थ रामदासांचं जांब जवळच, आणि जिल्ह्याची दक्षिण हद्द सांगणारी गोदावरीही लांब नाही. या भागात माणूस गेला की पहिला प्रश्न असतो, ‘माती कितीला?’ खबरीचं मूळ काम हेच: वेळ सांगणं. लेक सासरहून येईस्तोवर उचलायचं नाही आणि उन्हाळ्यात फार थांबताही यायचं नाही, या दोन अडचणींच्या मधे खबरीला पळावं लागे. आता भाड्यानं शवपेटी मिळते. ‘मुलगा पुण्याहून निघालाय’ एवढं कळवलं की माती संध्याकाळवर जाते.

पूर्वी हे पळणं कुणाच्या पायांनी होत होतं, ते सांगायला हवं. गावगाड्यात मर्तिकाचा सांगावा परगावी पोचवणं हे महाराच्या वाट्याला आलेलं काम. पाऊस असो, रात्र असो, त्यानं निघायचं, उंबऱ्याबाहेर उभं राहून सांगायचं आणि तसंच परतायचं. ज्या घरात पाऊल ठेवायची मुभा नाही त्या घराचं सर्वांत मोठं दुःख पोचवण्याची जबाबदारी मात्र त्याची. डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाविषयीचं विधेयक मांडलं, तेव्हा अशाच कामांचं जोखड त्यांना काढायचं होतं. निजामाच्या अमलातला मराठवाडा त्या कायदेमंडळाच्या कक्षेबाहेर होता, पण राबणूक तीच होती. १९५६च्या धर्मांतरानंतर गावोगावी बौद्धांनी सांगावा नेणं, मेलेली ढोरं ओढणं अशी कामं नाकारली, आणि अनेक गावांत त्यावरून तंटे झाले. खबर पोचवण्याची साधनं बदलली ती नुसत्या तंत्रामुळं बदलली नाहीत.

मग पत्र आलं. पोस्टकार्ड हिंदुस्थानात १८७९ साली सुरू झालं आणि मरणाच्या पत्रानं स्वतःची खूण ठरवली: माथ्यावर ‘श्री’ नाही, एक कोपरा फाडलेला. वाचता न येणाऱ्यालाही पोस्टमनच्या हातातला तो कोपरा कळत असे. पत्र दारातच वाचायचं, वाचून फाडायचं, घरात ठेवायचं नाही. तारेचं तर नावच भीतीचं झालं होतं. मुलगा नोकरीला लागल्याची तार आली तरी ती उघडण्याआधी बायका रडायला लागत. जुलै २०१३मध्ये तारखातं बंद झालं तेव्हा बऱ्याच जणांनी हळहळ व्यक्त केली. ती शहरातली हळहळ होती. खेड्यात तारेबद्दल कुणाला माया असावी असं वाटत नाही.

खुणेनं मरण कळवण्याची आपल्याकडची सर्वांत मोठी घटना अर्थात पानिपतची. १४ जानेवारी १७६१च्या संहारानंतर उत्तरेकडं निघालेल्या नानासाहेब पेशव्यांच्या हाती एका सावकाराचं पत्र लागलं. त्यात विश्वासराव आणि भाऊसाहेब हे मोती झाले होते, सरदार मोहरा झाले होते, आणि सामान्य शिपाई मोजता न येणारी चिल्लर. सावकाराला आपल्या पेढ्यांना धोक्याची सूचना द्यायची होती, म्हणून त्यानं व्यापाराची भाषा वापरली. पण या पत्रातली प्रतवारी नजरेतून सुटू नये. कुणाचं मरण एकेक करून मोजायचं आणि कुणाचं ढिगानं, हा निवाडा खबर लिहिणाराच करतो. आजच्या बातमीतही चेअरमनच्या वडिलांच्या मरणाला वेगळा मथळा असतो आणि ट्रॅक्टर उलटून गेलेले ऊसतोड मजूर ‘चार ठार’ असतात.

दगडावरच्या खबरी याहूनही जुन्या. गावाबाहेर, वेशीजवळ, महादेवाच्या देवळामागं वीरगळ उभे असतात: खालच्या चौकटीत लढाई आणि मरण, त्यावर अप्सरांनी वर नेणं, मग शिवलिंगाची पूजा, माथ्यावर चंद्र-सूर्य. बोरिवलीजवळ एकसरच्या वीरगळांवर तर गलबतांची लढाई कोरलेली आहे. बहुतेक दगडांवर नाव नाही. ज्याच्यासाठी उभा केला तो विसरला गेला, शेंदूर लागला आणि दगडाचा देव झाला. शेताच्या बांधावर आज सिमेंटची समाधी बांधून तीवर संगमरवरी पाटी बसवतात, ती याच घराण्यातली. फरक इतकाच की पाटीवर जन्म-मृत्यूच्या तारखांखाली बांधणाऱ्या मुलांची नावंही असतात.

छापील मृत्युलेख मात्र मराठीत मानानं नांदला. ‘केसरी’त टिळकांनी आगरकरांवर, रानड्यांवर, गोखल्यांवर लिहिलं. आयुष्यभर ज्यांच्याशी वाद घातला त्यांच्याविषयी मरणानंतर लिहिणं ही लेखणीची परीक्षा असते, आणि ती टिळकांनी वारंवार दिली. आगरकरांची गोष्ट तर त्याहून विलक्षण: पुण्यातल्या सनातन्यांनी त्यांची प्रेतयात्रा ते जिवंत असतानाच काढली होती. म्हणजे त्यांच्या मरणाची जाहीर खबर त्यांनी स्वतः पाहिली. पुढं आचार्य अत्र्यांनी मृत्युलेखाला गर्दी जमवणारा आवाज दिला. नेहरू गेल्यावर त्यांनी ‘मराठा’त लिहिलेल्या लेखांचं ‘सूर्यास्त’ हे पुस्तक झालं. थोरामोठ्यांवरच्या अशा लेखांचे संग्रह निघतात, अभ्यासक्रमाला लागतात. पण मराठवाड्यातल्या खेड्याला छापील मरण मिळालं ते जिल्ह्याजिल्ह्यांतून आवृत्त्या निघू लागल्यावर. ‘लोकमत’ औरंगाबादेत १९८२ साली आला, जालना जिल्हा त्याच्या आदल्या वर्षी १ मे रोजी झाला होता. आवृत्ती निघाली की पानं भरायला गाववार बातम्या हव्यात, आणि गाववार बातम्या आणायला वार्ताहर हवा.

या वार्ताहराला पगार नसतो, असलाच तर नावापुरता. त्याची मिळकत जाहिरातीच्या कमिशनमध्ये. निधनाची बातमी तो फुकट देतो. वर्षभरानं त्याच घरातून प्रथम पुण्यस्मरणाची सचित्र जाहिरात येते, तिच्यावर कमिशन मिळतं. मग बातमीत घरच्या कर्त्या मुलाचं नाव मथळ्यात जाणार, हे ओघानंच आलं. ‘पितृशोक’ची वाक्यरचना वार्ताहराला कुणी शिकवत नाही, व्यवहार शिकवतो. यात वार्ताहराला दोष द्यावा असं मला वाटत नाही. वाचणारेही मथळ्यातलं नाव बघूनच ‘आपल्याला जावं लागेल’ हे ठरवतात.

नावाच्या आधी काय लागतं त्यावरून घर कुठल्या वाटेचं ते कळतं. सरसकट ‘कै.’ लागतो. माळकरी असेल तर ‘वै.’, म्हणजे वैकुंठवासी. लिंगायत घरात ‘लिं.’, कारण तिथं माणूस लिंगैक्य होतो. ख्रिस्ती घरात ख्रिस्तवासी. मुसलमान घरात मरहूम, आणि तिथली खबर छापण्याआधी मशिदीच्या भोंग्यावरून सांगितली जाते. बौद्ध घरांनी ‘कैलासवासी’ नाकारून ‘कालकथित’ घेतला, तेराव्याच्या जागी पुण्यानुमोदन आणि जलदान विधी आणला. या सगळ्यांत शेवटचा बदल मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण तो आपोआप झालेला नाही, ठरवून केलेला आहे. आपला माणूस कुठं गेला ते सांगण्याचा हक्क परक्या पुराणाकडून काढून घेणं ही साधी गोष्ट नव्हती.

आता फ्लेक्स. आधी चौकात काळा फळा असे आणि खडूनं लिहिलेलं ‘दुःखद निधन’ दुसऱ्या पावसापर्यंतही टिकत नसे. तालुक्याच्या प्रेसमध्ये दशक्रियेच्या पत्रिका छापल्या जात, त्याही मोजक्या घरांच्या. डिजिटल छपाईनं हे सगळं स्वस्त आणि अवाढव्य केलं. दहा बाय पंधराचा फ्लेक्स, आभाळी निळी पार्श्वभूमी, ढग, एका कोपऱ्यात समई, दुसऱ्यात विठ्ठल, मधे फोटो. वरती ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, खाली यमक जुळवलेल्या चार ओळी. या ओळींचा कवी कुणालाही माहीत नाही. फ्लेक्सवाल्याच्या संगणकात वडिलांसाठीच्या, आईसाठीच्या, अकाली गेलेल्या तरुणासाठीच्या ओळी आधीच भरलेल्या असतात. घरचा माणूस बोट ठेवतो: ‘ह्या टाका.’ यावर हसणारे पुष्कळ. पण जात्यावरच्या ओव्यांचे कर्ते तरी कुणाला माहीत होते? दुःखाच्या दिवशी तयार शब्द लागतात. त्या ओळींचा दर्जा सुमार असतो, हे मान्य करूनही त्यांची गरज खोटी ठरत नाही.

फोटोची गोष्ट वेगळीच आहे. सत्तरीच्या म्हातारीचा एकटीचा असा फोटो घरात बहुधा नसतोच. मग नातवाच्या लग्नाच्या अल्बममधून डोक्यावर पदर घेतलेला चेहरा कापून काढतात, शेजारणीचा खांदा पुसतात. नाहीतर आधार कार्डावरचा घेतात. देशातलं पहिलं आधार कार्ड सप्टेंबर २०१०मध्ये महाराष्ट्रातच, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिलं गेलं. त्या मोहिमेनं खेड्यातल्या कितीतरी बायकांना पहिल्यांदा कॅमेऱ्यासमोर एकटं बसवलं. सरकारी ओळखीसाठी घाबरून, डोळे विस्फारून काढलेला तो चेहरा मरणानंतर हार घालून चौकात लागतो. ऑपरेटर कितीही ढग घालो, तो विस्फार जात नाही.

फ्लेक्सचा खालचा पट्टा हा त्याचा खरा मजकूर. ‘शोकाकुल’ म्हणून मुलं, पुतणे, नातू, भावकी. मग ‘समस्त गावकरी मंडळी’. मग एखादं मित्रमंडळ आणि कडेला नेत्यांचे गोल फोटो. तरुण पोरगा गेला असेल तर मित्रमंडळच यजमान होतं आणि घरच्यांना खालची ओळ मिळते. पहिल्या पुण्यस्मरणाला याहून मोठा फ्लेक्स लागतो, कारण तेव्हा कीर्तन असतं. सकाळी दहा ते बारा कीर्तन, नंतर फुलं, नंतर महाप्रसाद. अशा कित्येक फ्लेक्सवर कीर्तनकार महाराजांचा फोटो गेलेल्यापेक्षा मोठा असतो. तक्रार करणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की गर्दी महाराजांच्या नावानं येते, आणि गर्दी हीच त्या दिवशीची श्रद्धांजली असते. दहाव्याला सोयरे दुखवटा घेऊन येतात, टोपी-टॉवेल चढवतात, तेव्हा कुणाकडून किती आलं हे सगळे बघतात. फ्लेक्स त्याच मोजदादीचा छापील भाग. तारीख आणि तिथी दोन्ही दिलेली असतात: तारीख नोकरीवाल्यांना, तिथी वर्षश्राद्धाला.

बेकायदा फलकांवर मुंबई उच्च न्यायालयानं ३१ जानेवारी २०१७ रोजी सविस्तर निकाल दिला, पालिकांना कारवाई करायला सांगितलं. वाढदिवसाचा फलक काढता येतो. श्रद्धांजलीच्या फलकाला हात लावायची हिंमत शहरातल्या कर्मचाऱ्यालाही होत नाही, मग ग्रामपंचायतीच्या हद्दीत तो प्रश्नच कुठं येतो? ऊन खाऊन खाऊन फोटो पांढरा पडेपर्यंत तो तिथंच राहतो, आणि मग उतरवून गोठ्यावर, कडब्याच्या गंजीवर पांघरतात.

खबर काय सांगते त्याइतकंच ती काय झाकते हे बघावं लागतं. ‘अल्पशा आजाराने’, ‘दीर्घ आजाराने’, ‘वृद्धापकाळाने’, ‘हृदयविकाराच्या तीव्र झटक्याने’: मराठी मरणाला एवढीच कारणं. २०२०-२१मध्ये करोनाही ‘अल्पशा आजारा’त जाऊन बसला. मराठवाड्यात झाकण्याचा मोठा विषय शेतकऱ्याची आत्महत्या. फ्लेक्सवर ‘दुःखद निधन’ असतं, बाकीचं फक्त वय सांगतं: पस्तीस. पण त्याच मरणाचा दुसरा कागद तहसिलात तयार होत असतो. तिथं सातबारा लागतो, बँकेची किंवा परवानाधारक सावकाराची थकबाकी लागते, वसुलीचा तगादा होता हे दाखवावं लागतं. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ ते ठरवते. पात्र असेल तर १ लाख रुपये: ३० हजार हातात, ७० हजार ठेवीत. ज्या घरानं चौकात कारण लपवलं, त्याच घराला कचेरीत ते पुराव्यानिशी सिद्ध करावं लागतं. बाई शेती करत होती पण जमीन तिच्या नावावर नव्हती, तर पहिल्याच रकान्यात गाडी अडू शकते. अब्रूसाठीची खबर आणि मदतीसाठीची खबर एकमेकींना खोटं पाडतात, आणि मधे विधवा उभी असते.

बातमीत आणखी एक वाक्य निरुपद्रवी वाटतं: ‘त्यांच्यावर त्यांच्या शेतात अंत्यसंस्कार करण्यात आले.’ ज्याच्याकडं शेत आहे त्याचंच हे वाक्य. बाकीच्यांच्या नशिबी गावची स्मशानभूमी. ती बऱ्याच गावांत जातवार वेगळी, काही ठिकाणी नुसती गायरानाची कड, आणि पावसाळ्यात ओढ्याच्या पलीकडं. दलित वस्तीच्या स्मशानभूमीला रस्ता नाही किंवा जागाच नाही, ही मराठवाड्यातली जुनी तक्रार आहे. निधन वार्तेतली ती एक ओळ न बोलता जमिनीचा उतारा वाचून दाखवते.

हे सगळं आपल्यापुरतं नाही. घानात मयताचे मोठाले रंगीत पोस्टर लागतात आणि त्यांवर मुलं-नातवंडांची लांबलचक यादी असते. बल्गेरियात दारावर, खांबावर, झाडावर फोटोसह कागद चिकटवतात, आणि चाळीस दिवसांनी, वर्षानं पुन्हा नवा. आयर्लंडमध्ये स्थानिक रेडिओवर मरणाच्या खबरी वाचल्या जातात. तिथं २००५ साली केवळ त्यासाठी एक संकेतस्थळ सुरू झालं, आणि ते २०२४मध्ये ‘आयरिश टाइम्स’नं विकत घेतलं, इतकं ते चालतं. घराजवळ पाहायचं तर मुंबईतले गुजराती, पारशी वाचक आपापल्या वर्तमानपत्रात आधी मरणाचं पान उघडतात, आणि केरळात मल्याळम दैनिकं फोटोंसह पानंच्या पानं देतात. आपली खासियत मथळ्यात आहे. जिवंत मुलाच्या नावानं बापाच्या मरणाची बातमी सुरू करायची कला मराठी जिल्हा पानांनी चांगलीच मुरवली.

फ्लेक्सवरच्या ‘शोकाकुल’ यादीशी ताडून पाहण्याजोगी दुसरी एक यादी सरकारी दप्तरात असते. मृत्यूची नोंद १९६९च्या कायद्यानुसार २१ दिवसांत ग्रामसेवकाकडं करायची. त्यानंतर जमीन असेल तर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला वारस कळवायचे, त्याची नोंद गाव नमुना सहा-क मध्ये होते. फ्लेक्सवर ‘शोकाकुल’मध्ये मुलगे, सुना, नातू असतात, लेकी असल्याच तर जावयांच्या नावामागं. सहा-क मध्ये त्यांना वगळता येत नाही. महाराष्ट्रानं १९९४ साली आणि केंद्रानं २००५ साली कायदा बदलल्यापासून वडिलार्जित जमिनीत लेकीचा हिस्सा भावाइतकाच. म्हणून तेराव्यानंतर काही दिवसांतच बहिणींना तालुक्याला नेऊन हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या जातात. साडी-चोळी होते, माहेर तुटू नये म्हणून बहीण सही करते, आणि सहा-कवरून पुढं सरकलेली यादी सातबाऱ्यावर येईपर्यंत फ्लेक्ससारखी होऊन जाते. चौकातली यादी आधी लागते, हे उगाच नव्हे.

बायकोच्या बाबतीत खबर अधिक स्पष्ट बोलते. नवऱ्याआधी गेली तर ‘सौ.’, अहेवपणी गेली म्हणून कौतुकही. मागं राहिली तर ‘गं. भा.’. एप्रिल २०२३मध्ये महिला व बालविकास मंत्री मंगलप्रभात लोढा यांनी विधवांसाठी ‘गंगा भागीरथी’ असा उल्लेख करण्याचा प्रस्ताव पुढं केला आणि चांगलीच टीका झाली. त्याच्या आदल्या वर्षी मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला होता आणि शासनानं तो इतर गावांपुढं ठेवला होता. ठराव मनगटापर्यंत पोचला, छपाईपर्यंत नाही. पत्रिकेतला ‘गं. भा.’ अजून तसाच आहे. मुलीनं अग्नी दिला की मात्र त्याची वेगळी बातमी होते, चौकटीत, फोटोसह. तिथंही ‘मुलगा नसल्याने’ हे शब्द सहसा सुटत नाहीत.

राहिल्या जुन्या नोंदी. सप्टेंबर २०२३मध्ये जालना जिल्ह्यातल्याच अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणासाठी झालेल्या उपोषणानंतर कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. तपासायच्या कागदांत निजामकाळातली महसुली दप्तरं होती, तशीच जन्म-मृत्यूची रजिस्टरंही होती. मराठवाड्यातला बराचसा जुना कागद उर्दूत, काही मोडीत, म्हणजे घरच्यांना न वाचता येणारा. ते वाचू शकणारी म्हातारी माणसं एकाएकी मागणीत आली. अमुक गावचा अमुक, वय इतकं, तापानं मेला, जात अमुक. ऐंशी-शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी कारकुनी हातानं ओढलेली ही ओळ. तिच्यात मुलगा, नातू, मित्रमंडळ कुणाचंच नाव नाही, गेलेल्याबद्दल एक बरा शब्दही नाही. तिच्या नकलेसाठी पणतू तहसिलाच्या खिडकीपुढं रांगेत उभे राहिले.